ओटीपी देणार नाही

साहेबांनी पडद्यावरच्या फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माइक त्यांच्या तोंडाशी होता. चालू होता.

"नीवू अवर कडेयवरा?"

तुम्ही त्यांच्यातल्या का?

हॉल हसला. सगळा नाही. पण माणसाला लाज आणायला सगळा हॉल लागत नाही. पुढच्या दोन रांगा पुरतात.

वॉर्डाची खुली सुनावणी होती ती. राजाजीनगरातलं एक मंगल कार्यालय. स्टेजवर निळा बॅनर, त्यावर कन्नडमध्ये लिहिलेलं: तुमचं सरकार, तुमच्यासमोर. एका बाजूला तिपाईवर कॅमेरा. सगळं थेट दाखवत होते. ज्याला हवं त्यानं घरी बसून बघावं.

पडद्यावर माझी तक्रार होती. फोटोही मीच काढलेला. एक माणूस गटाराच्या चेंबरमध्ये छातीपर्यंत उतरलाय. वर दोघं दोर धरून उभे. माणसाचा चेहरा वर, फोनकडे वळलेला. गालावरून काळं पाणी वाहतंय.

मी एवढंच विचारलं होतं, "तुमच्या ॲपमध्ये लिहिलंय की सफाई मशीननं झाली. या फोटोत मशीन कुठं आहे?" कन्नडमधून विचारलं होतं. घरून पाठ करून आले होते.

त्यावर हे. उत्तर नाही. उलटा प्रश्न.

मी तोंड उघडायच्या आत एका स्वयंसेविकेनं माझ्या हातातला माइक काढून घेतला. हळूच. हसून. "थँक यू मॅम, तुमचा सहभाग नोंदवलाय." पुढची तक्रार रस्त्यावरच्या दिव्याची होती.

मी जागेवर येऊन बसले. कान तापले होते. शेजारच्या बाईनं खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. तिला फोन काढायचा असेल. नसेलही. तेव्हापासून मला कशाचाच भरवसा वाटत नाही.

मी नागपूरची. उत्तर नागपूरच्या वस्तीतली. आम्ही बौद्ध. बाप गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाला. मी शिकले, बेंगळुरूला आले. एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यानं बनवलेल्या गोष्टीतली चूक शोधायची आणि ती खरोखर सुधारेपर्यंत "झालं" म्हणू द्यायचं नाही. पगार त्याचाच मिळतो.

राजाजीनगरात घर मिळालं ते मराठीमुळं. खाली घरमालक, वर मी. अण्णा बँकेतून रिटायर झालेले. अक्का घरी. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी या मुलखात आले आणि इथलेच झाले. मराठी घरात उरली, तीही अर्धी कन्नड होऊन. पहिल्या दिवशी अक्कानं कॉफी दिली आणि म्हणाली, "आमचं बोलणं ऐकून हसू नको ग. पोरं तर कन्नडातच बोलतात. तू आलीस, घरात मराठी आली बघ."

आडनाव विचारलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून त्यांना काही कळलं नाही. जात विचारली नाही. विचारली नाही म्हणजे त्यांना चालतं असं नाही, त्यांनी मनाशी काहीतरी ठरवून टाकलंय, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी राहिले. अक्का चांगली होती. सणाला वर ताट पाठवायची. मला ताप आला तेव्हा रात्रभर दार उघडं ठेवायला सांगितलं होतं, हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. हे सांगायलाच हवं. वाईट माणसांबद्दल बोलणं सोपं असतं.

एका रविवारी सकाळी अक्काच्या न्हाणीघरात गटाराचं पाणी उलटं आलं. गल्लीतल्या आणखी दोन घरांत तसंच. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आरडाओरड झाली. कुणीतरी कंत्राटदाराला फोन केला. थोड्या वेळानं टेंपो आला. त्यातून तिघं उतरले. दोर, बादली, लोखंडी पहार. मशीन नाही.

मी बाल्कनीतून बघत होते. त्यांनी झाकण काढलं. एकानं शर्ट काढला, चड्डीवर राहिला, कमरेला दोर बांधला आणि पाय आत सोडले.

मी धावत खाली गेले. "अण्णा, माणसाला का उतरवताय? मशीन मागवा ना. हे बेकायदेशीर आहे."

अण्णा पेपर हातात घेऊन उभे होते. "मशीनची गाडी या गल्लीत शिरत नाही ग. स्वल्प अडजस्ट करायला लागतं. पाच मिनिटांचं काम आहे. त्याला सवय आहे."

मी फोन काढला. फोटो काढला.

तो वर आला तेव्हा त्याला उभं राहता येईना. फूटपाथवर बसला, ओकला. पाणी मागितलं. अक्का प्लास्टिकचा मग घेऊन आली. त्यानं ओंजळ केली. अक्कानं वरून ओतलं. कुणी कुणाला काही सांगावं लागलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं कसं करायचं.

मी वर जाऊन स्टीलचा टंबलर भरून आणला. त्याच्यापुढं धरला. त्यानं टंबलरकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं.

"बेडा मेडम," तो म्हणाला. नको.

टंबलर मी कठड्यावर ठेवला. त्यानं हातसुद्धा लावला नाही. टेंपो गेल्यावर मी तो उचलायला वाकले तर अक्का म्हणाली, "राहू दे ग तिथंच. कुणीतरी नेईल. आपण नवा आणू."

त्या दुपारी मी शहराच्या ॲपवर तक्रार टाकली. ॲपनं माझं नाव घेतलं, नंबर घेतला, मी कुठं उभी आहे ते घेतलं. मग म्हणालं, धन्यवाद, जागरूक नागरिक. नकाशावर आमच्या गल्लीत लाल ठिपका उमटला. ठिपक्यावर बोट ठेवलं की फोटो दिसायचा. खाली माझं नाव. पारदर्शक कारभार. कुणालाही बघता यावं.

चार-पाच दिवसांनी मेसेज आला. तक्रार निवारण झाले. मशीनद्वारे सफाई पूर्ण. सोबत एका झाकणाचा फोटो. आमच्या गल्लीला सिमेंट आहे. फोटोतला रस्ता डांबरी होता. खाली एक ओळ: तक्रार बंद करण्यासाठी आपल्या मोबाइलवर आलेला ओटीपी आमच्या कर्मचाऱ्यास सांगा.

मग फोन सुरू झाले. बोलणारा खात्याचा ज्युनिअर इंजिनिअर. आवाज तरुण, गोड.

"ओटीपी हेळी मेडम." ओटीपी सांगा.

"कुठल्या गल्लीतला फोटो टाकलाय तुम्ही?"

"ते टेक्निकल आहे मेडम. तुम्ही ओटीपी सांगा. नाहीतर आमच्याकडे पेंडिंग दिसतं."

काम पेंडिंग असल्याचं दुःख नव्हतं. पेंडिंग दिसत होतं, त्याचं होतं.

गल्लीतल्या कुणीतरी नकाशा बघितला. ग्रुपवर माझं नाव फिरलं. घरं विकायची वेळ आली तर लाल ठिपक्याच्या गल्लीत कोण येणार, असं एकानं लिहिलं. अण्णांनी जिन्यात गाठून सांगितलं, "बंद करून टाक ती भानगड." मी म्हटलं, खुली सुनावणी आहे, तिथं विचारते आणि मग बघते. मला खरंच वाटलं होतं की तिथं विचारता येईल.

सुनावणीहून परत आले तेव्हा अक्का जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती.

"अण्णांनी फोन टीव्हीला जोडला होता," ती म्हणाली. "आपली पोरगी बोलणार म्हणून."

मी चपला काढल्या.

"तू त्या साहेबाला नाही म्हणून सांगायचं होतंस. गप्प का राहिलीस?"

"माइक काढून घेतला, अक्का."

"सरी, असू दे. माझ्याजवळ कुठं माइक आहे? मला सांग. आमची माणसं विचारतात. मी काय सांगू त्यांना?"

ती वाट बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. काळजी होती. मी "नाही" म्हणावं आणि सगळं पूर्वीसारखं व्हावं, एवढंच तिला हवं होतं.

आणि "नाही" म्हणणं सोपं होतं. खोटंही झालं नसतं. आमच्या घरात कुणी कधी गटारात उतरलेलं नाही. आमच्या वस्तीतही एक शेवटची गल्ली होती. झाडूवाल्यांची. नळावर त्या गल्लीतल्या बायका सगळ्यात शेवटी यायच्या. "त्यांच्यातले" हा शब्द मी पहिल्यांदा कुठल्या साहेबाच्या तोंडून ऐकला नव्हता. आमच्याच ओट्यावर ऐकला होता.

ते आठवलं आणि "नाही" न म्हणताच मी वर निघाले. पायऱ्या चढताना मला कळलं की त्या साहेबानं मला अपमान म्हणून जे विचारलं, त्यात माझा अपमान नाहीच. त्या माणसाचा आहे. त्याच्या बाजूची असणं ही शिवी आहे, असं हॉलनं ठरवलं आणि माझे कान तापले. म्हणजे मीही ते मान्य केलं होतं. एक क्षण का होईना.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरचा फोन. आवाज आणखी गोड.

"मेडम, त्या बिचाऱ्याचा चेहरा सगळं शहर बघतंय. तुम्हाला बरं वाटतं का? ओटीपी दिला की तक्रार बंद होते, फोटो नकाशावरून जातो. त्याच्या इज्जतीचा तरी विचार करा."

हे खरं होतं. खोटारड्या माणसानं सांगितलं तरी खरं होतं. फोटो काढताना मी त्याला विचारलं नव्हतं.

आमची गल्ली झाडणाऱ्या बाईला विचारलं. तिनं नाव सांगितलं, नरसप्पा. राहायला रेल्वेच्या रुळांपलीकडच्या वसाहतीत. शनिवारी गेले. पत्र्याचं घर, बाहेर निळी पिंपं. नरसप्पा दारात बसला होता. मला बघून उठला नाही.

"तुम्ही फोटो काढलात," तो म्हणाला. "मला विचारलं होतं?"

"नाही."

"माझ्या मुलीच्या शाळेत बघितला तो. ती जेवली नाही दोन दिवस. कंत्राटदार म्हणतो, तुझं तोंड फोनवर आलंय, आता घरी बस. तुमचं काय गेलं?"

मी माफी मागितली. मग मी त्याला सगळं सांगितलं. मी ओटीपी दिला तर फोटो जाईल. पण तक्रारही मिटेल. मशीननं सफाई झाली, असं कायमचं लिहिलं जाईल. "तुम्ही सांगाल तसं करते," मी म्हटलं. "आत्ता इथूनच फोन लावते."

"काढून टाका," तो म्हणाला.

आतून त्याची बायको बाहेर आली. लक्ष्मम्मा. हात ओले. तिनं सगळं ऐकलं होतं.

"याचा धाकटा भाऊ," ती मला म्हणाली, "असाच उतरला. वर आला नाही. त्यांनी कागदावर लिहिलं, दारू पिऊन पाय घसरला, रस्त्यावर पडला. तो दारू पीत नव्हता. आम्ही सांगितलं. ते म्हणाले, पुरावा काय? फोटो आहे?" तिनं ओले हात पदराला पुसले. "फोटो नव्हता."

नरसप्पा म्हणाला, "पोरीचं काय?"

"पोरीला मी सांगेन," लक्ष्मम्मा म्हणाली. "बाप कुणी उतरवला, ते सांगेन. लाज त्यांची आहे. फोटो राहू दे, अम्मा. पण आता पुढं काही करायचं असेल तर आधी इथं येऊन विचारायचं."

नरसप्पानं मान हलवली. हो म्हणून की हरून, मला आजही सांगता येत नाही.

सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आले तर खालच्या व्हरांड्यात बैठक. अण्णा, अक्का, कंत्राटदार आणि तो इंजिनिअर. पहिल्यांदाच बघत होते त्याला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. कॉफी झालेली. मला खुर्ची दिली.

"मशीन आणली होती आज," इंजिनिअर म्हणाला. टॅब माझ्यापुढं धरला. खरंच. आमच्या गल्लीत पिवळी गाडी उभी. अण्णांनी शिरत नाही म्हणून सांगितलेली तीच गाडी, आरामात शिरलेली. गाडीपुढं कंत्राटदार उभा. चेंबरचं झाकण मात्र जागच्या जागी. उघडलेलंसुद्धा नाही.

"पाइप कुठं घातलाय?" मी विचारलं.

"फोटो काढून गाडी दुसरीकडे गेली मेडम. तिकडे अर्जंट होतं."

त्यानं टॅबवर बोट दाबलं. माझ्या हातात फोन थरथरला. ओटीपी आला होता. चौघंही माझ्या फोनकडे बघत होते. एवढ्या आदरानं माझ्या फोनकडे कुणी कधी बघितलं नव्हतं.

"हेळी मेडम."

"कोडल्ला," मी म्हटलं. देणार नाही.

त्याला वाटलं, माझं कन्नड चुकलं. तो हसला. मी पुन्हा म्हटलं, "कोडल्ला. ज्यानं उतरवलं त्याचं नाव लिहा. मशीननं सफाई झाली ही नोंद कुणी केली, त्याचं नाव लिहा. नरसप्पाला काम परत द्या, वरचं काम, आत उतरायचं नाही. मग मागा ओटीपी."

कंत्राटदार उठला. "ह्यांना काय एवढं पडलंय त्या लोकांचं?" हे त्यानं अण्णांना विचारलं. मी तिथं नसल्यासारखं.

मी अक्काकडे वळले. मराठीत बोलले, तिला नीट कळावं म्हणून. "अक्का, तुम्ही विचारलं होतं, तुमच्या माणसांना काय सांगायचं. सांगा की मी त्यांच्यातलीच आहे. आम्ही बौद्ध. पूर्वी आम्हालाही वरूनच पाणी ओतायचे."

अक्काचा हात पदराकडे गेला. ती रडली नाही. "आधी सांगायचंस की ग," एवढंच म्हणाली. आणि मी बसले होते त्या खुर्चीकडे तिनं एकदा बघितलं. तिला कळलंही नसेल, ती बघतेय म्हणून. मला कळलं.

अण्णांनी महिनाअखेरीस घर रिकामं करायला सांगितलं. कारण सांगितलं नाही. मुलगा येणार आहे राहायला, म्हणाले. मुलगा अमेरिकेत असतो.

आईला फोन केला. ती म्हणाली, "कायले पडतं बाई त्या भानगडीत? परमुलखात घर भेटत नाही." मग म्हणाली, "तो माणूस बरा हाय का?"

आता मी इलेक्ट्रॉनिक सिटीकडे राहते. नव्या घरमालकाला जात आधीच सांगितली. तो तमिळ आहे. "भाडं वेळेवर द्या," एवढंच म्हणाला. त्याच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. भरवसा ठेवून बघत नाही.

मागच्या आठवड्यात नकाशा उघडला तर राजाजीनगरातला तो ठिपका हिरवा झालेला. मी ओटीपी दिला नव्हता. कुणालाच नाही. बोट ठेवलं. लिहिलं होतं: ठरावीक मुदतीत नागरिकाचा प्रतिसाद न आल्याने संमती गृहीत धरून तक्रार समाधानकारकरीत्या बंद. फोटो गायब. दोर नाही, चेंबर नाही, नरसप्पा नाही. माझ्या नावापुढं पाच चांदण्या. मी खूश आहे, असं सरकारनं माझ्या वतीनं सांगून टाकलं होतं.

मग मेट्रोनं रुळांपलीकडे गेले. नरसप्पा आता टेंपोत सामान चढवायच्या कामाला जातो. घरी होता. लक्ष्मम्माही होती. मी त्यांना दाखवलं. मूळ फोटो माझ्या फोनमध्ये आहे आणि इतर तीन ठिकाणी ठेवलाय, हेही सांगितलं. नवी तक्रार टाकू का, हे या वेळी आधी विचारलं.

नरसप्पानं फोटो स्वतःच्या हातात घेऊन बघितला. दोन बोटांनी मोठा केला. दोर धरणाऱ्यांच्या मागं, कडेला, कंत्राटदार उभा होता. इतके दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं. "याला कापू नका," तो म्हणाला. "आणि माझं नाव लिहा."

तिथंच, त्यांच्या दारात बसून मी नवी तक्रार टाकली. तिघांच्या नावानं. जुन्या तक्रारीचा नंबर घातला. मशीनची नोंद कुणी केली आणि माझी संमती कुणी धरली, याची माहिती मागणारा अर्जही वेगळा भरलाय. ते माझा पत्ता विचारतात, अंगठा विचारतात, डोळा विचारतात. मी एक सही विचारलीय.

ही तक्रारही बंद करतील. मला कल्पना आहे. कदाचित उद्याच. त्यांनी बंद केली की मी पुन्हा उघडेन. त्यांनी नियम बदलला तर बदललेल्या नियमातून उघडेन. ॲप बंद केलं तर कागदावर, कागद घेतला नाही तर कोर्टात. मी समाधानी नाही. माझ्या वतीनं कुणी तसं लिहायचं नाही.